अक्का, सुया ओवून झाल्यात

अक्का,

मराठी मंडळाच्या अंकात तुमच्यावर दोन पानं लिही म्हणून सांगायला लोक आले, तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले. नववी अर्धी सोडलेली बाई मी, लिहिणार काय? तर तुमच्या सूनबाई म्हणाल्या, "दोन पानांत मावेल तेवढं लिही गे. बाकीचं पोटात ठेव." त्यांचं बोलणं हल्ली तुमच्यासारखं व्हायला लागलंय. तुमचे पूर्वज किती पिढ्यांमागे इकडे म्हैसूरला आले, एकादशीच्या भजनात तुम्ही कुठली पदं म्हणायच्या, हे दुसरे लिहितील. त्यांना ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. मला दुकान माहीत आहे. नजरबादचं आपलं शिवणाचं दुकान, पडद्यामागचं ते बुटकं स्टूल, आणि सुयांची गादी.

तुम्ही गेलात त्याला आज चोवीस दिवस झाले. तेरावा झाल्यावर दुसऱ्या दिवशी सूनबाईंनी किल्ली माझ्या हातात दिली. मे संपत आलेला, शाळांचे युनिफॉर्म डोक्यावर. मी शटर वर केलं आणि पहिल्यांदा दिसली ती गादी. जुन्या मखमली पोलक्याची तुम्हीच केलेली, लाल रंग विटून विटकरी झालेली. तिच्यावर अकरा सुया होत्या, अकराही ओवलेल्या. कुणी ओवल्या होत्या मला माहीत नाही. शेवटच्या महिन्यात मी नसताना कुठली पोर येऊन बसली असेल, देव जाणे. मी तिथेच बसून राहिले. गिऱ्हाईक आलं की उठेन, म्हटलं.

आता इथे दुकानात बसूनच लिहितेय. दुपार आहे, गर्दी नाही.

मी तुमच्याकडे आले तेव्हा पंधरा वर्षांची होते. माण तालुक्यातल्या आमच्या गावात शाळेच्या फाटकापाशी पोचलं की माझ्या पोटात गोळा यायचा, हात घामाने ओले, श्वास वरच्या वर. बाईंनी वाचायला उभं केलं की अक्षरं हलायची. एकदा भिंतीला धरून मी खालीच बसले. बाई म्हणाल्या, नाटकं. आई म्हणाली, दृष्ट. आबांनी गंडा बांधला, तो सुटला म्हणून दुसरा बांधला. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी शाळेत गेलेच नाही आणि घरात कुणी फार ओढलंही नाही, कारण म्हैसूरला दादाला स्वयंपाकाला माणूस हवंच होतं. दादा मेटगळ्ळीला कारखान्यात होता. मी त्याच्या खोलीत आले आणि दार लावून घेतलं. कन्नड येत नाही, हे एक बरं निमित्त मिळालं मला. नळावर पाणी भरायला जायचं झालं तरी मी आधी खिडकीतून बघायचे, कुणी नाही ना.

दादाला वाटलं, पोरगी एकटी कंटाळते. तुमच्याकडे मराठीत शिवण शिकवतात असं त्याला कुणीतरी सांगितलं. त्याने मला बसमध्ये जवळजवळ उचलूनच घातलं.

क्लासला येणाऱ्या पोरीने पहिलं शिवायचं ते स्वतःचंच पोलकं, हा तुमचा नियम. म्हणून आधी माप. पडद्यामागे नेलंत, टेप माझ्या छातीभोवती घेतलात आणि थांबलात.

"धावत आलीस काय गे?"

"नाही."

"मग आत कोण धावतंय? टेप थरथरतोय बघ माझा."

मी खाली बघितलं. तुम्ही टेप काढलात, परत लावलात, परत काढलात आणि गळ्यात टाकलात. "आज माप नको. असं घेतलेलं माप खोटं येतं. उद्या ये." उद्याही ते खोटंच आलं. परवाही. चौथ्या दिवशी तुम्ही दादाला बोलावून घेतलंत. मी पडद्यामागे होते, पण पडदा म्हणजे काय, जुनी साडीच ती. सगळं ऐकू येत होतं.

"तुझी बहीण आजारी आहे रे."

"ताप तर नाही तिला."

"तापाशिवाय आजार नसतात काय?"

दादा आवाज खाली करून म्हणाला, "वेडबीड लागलंय म्हणता का? गावाकडं कळलं तर लग्न व्हायचं नाही तिचं."

"तू मशीनवर काम करतोस ना? मशीनचा आवाज बदलला तर काय करतोस? मशीन वेडं झालं म्हणून गावभर सांगत सुटतोस?"

"नाही... दुरुस्तीवाल्याला बोलावतो."

"लगेच बोलावतोस, की मशीन बंद पडेपर्यंत थांबतोस?"

"लगेच."

"मग झालं तर. अय्यो, बहीण मशीनपेक्षा स्वस्त आहे काय रे?"

दादा आता पन्नाशीला आलाय. परवा फोनवर रडत होता आणि रडता रडता हेच आठवून हसला. म्हणाला, "अक्कांनी माझी पार बिनपाण्याने केली होती."

मोठ्या सरकारी दवाखान्यात तुम्ही मला नेलंत. डॉक्टरबाई कन्नड बोलणाऱ्या, मी मराठी, मधे तुम्ही. मी एक वाक्य बोलले की तुम्ही तीन सांगायच्या. डॉक्टरबाई हसल्या, "तिने एवढं कुठे सांगितलं?" तुम्ही म्हणालात, "तिचं तोंड सांगतंय ते पण सांगायला नको काय?" मग त्या डॉक्टरबाईंनी जे सांगितलं, ते तुम्ही मला मराठीत सांगितलंत. त्यातलं एकही अक्षर मी विसरलेले नाही. हे पुष्कळ मुलींना होतं. तुझ्याच वयात सुरू होतं. नाटक नाही, दृष्ट नाही, तुझा दोषही नाही. लवकर आलीस, बरं झालं.

पुष्कळ मुलींना होतं. अक्का, मला तोवर वाटायचं की सबंध जगात अशी मी एकटीच आहे, कुठेतरी मोडकी जन्माला आलेली. त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसून मी इडली खाल्ली, दोन वेळा मागून. तुम्ही माझ्याकडे न बघता सांबाराचं भांडं पुढे सरकवत होतात.

डॉक्टरबाईंनी दर पंधरा दिवसांनी बोलायला यायला सांगितलं. श्वास कसा सोडायचा ते शिकवलं. काही महिने गोळ्याही दिल्या, पुढे त्यांनीच सांगून बंद केल्या. आणि सांगितलं, ज्याची भीती वाटते त्याच्याकडे रोज थोडं थोडं जायचं, एकदम उडी नाही. त्या "थोडं थोडं"ची बस तुम्ही केलीत. नजरबादहून तुम्ही निघायच्या, मेटगळ्ळीहून मी, आणि मधे भेटायचं. पहिल्या आठवड्यात तुम्ही जवळजवळ माझ्या दारापर्यंत यायच्या. मी एकच स्टॉप यायचे. मग दर आठवड्याला तुम्ही एक स्टॉप मागे सरकत गेलात आणि मी एक पुढे. तुमच्या हातात नेहमी काजं करायचा कुणाचा तरी ब्लाउज, स्टॉपवर उभ्या उभ्या तुमचं काम चालू. मी खिडकीतून तुमचा तो पांढरा अंबाडा शोधायचे. दिसला की श्वास खाली यायचा.

एके दिवशी तुम्ही कुठल्याच स्टॉपवर नव्हतात. मी मोजत होते, हा नाही, हाही नाही. उतरून परत जावं असं तीनदा वाटलं. नजरबादला उतरले, दुकानात आले, तर तुम्ही मशीनवर. वर न बघता म्हणालात, "उशीर झाला. सुया ओवून ठेव."

मला फार राग आला होता. तो राग मी तुम्हाला कधी बोलून दाखवला नाही. आज सांगते, कारण त्याच दिवशी तुम्ही माझं माप घेतलंत आणि ते खरं आलं.

या आठवड्यात तुमची जुनी मापांची वही काढली. माझं नाव आहे तिच्यात. नावापुढे रिकामी ओळ, मग पुन्हा नाव, पुन्हा रिकामी ओळ. अशा किती ओळी! रोज तुम्ही नाव लिहीत होतात आणि रोज माप लिहायचं टाळत होतात. एखादीने अंदाजाने आकडा टाकून दिला असता, पोलकं काय, शिवणीत दोन इंच जादा कापडाची माया ठेवली की कसंही बसतं. तुम्ही जागा सोडून ठेवलीत. मला हे माहीत नव्हतं, अक्का. तुम्ही असताना ही वही मी का उघडली नाही?

आता सुयांचं. "माझे डोळे गेले गे, एवढ्या सुया ओवून दे" हे वाक्य तुम्ही किती पोरींना म्हणाला असाल! मलाही पहिल्या दिवशी तेच. मी खाली मान घालून ओवत बसायचे. सुईच्या नेढ्याकडे बघताना माणसाला दुसऱ्याच्या डोळ्यांकडे बघावं लागत नाही. सहाव्या-सातव्या सुईला आपोआप काहीतरी तोंडातून निघायचं. शाळेचं फाटक मी तुम्हाला असंच सांगितलं, निळा दोरा ओवताना.

दोन वर्षांनी तुम्ही सापडलात. दुपारी आभाळ भरून आलेलं, लाइट गेलेली, आणि दाराशी बसून तुम्ही काळ्या कापडासाठी काळा दोरा एका दमात ओवलात. मी मागेच उभी.

"अक्का! डोळे गेले ना तुमचे?"

तुम्ही दचकला नाहीत की काही नाही. "सुम्ने बस गे," म्हणालात. गप्प बस म्हणायचं तर तुम्हाला हेच कन्नड तोंडात यायचं. "पोरींसाठी गेलेत. गिऱ्हाइकांसाठी आहेत."

तुमच्याकडून मी शिवणं शिकले, पण त्याहून जास्त बघणं शिकले. रोज बघणाऱ्या आईला जे दिसत नाही, ते वर्षातून एकदा माप घेणाऱ्याला दिसतं. कुणाची कंबर वर्षात वाढायची तर आत गेलेली. कुणी अंग चोरून उभी राहणारी. कुणी हसरी होती ती या वर्षी नुसती मान हलवणारी. तुम्ही म्हणायच्या, बहुतेक पोरी फक्त वयात आलेल्या असतात, त्यांना कपडा द्यावा आणि सोडून द्यावं, उगाच खोदू नये. ज्या एखादीचं मन सांगेल तिची ट्रायल लांबवावी. आणि लगेच बजावायच्या, "आपण शिंपी. माप घ्यायचं, औषध द्यायचं नाही. दवाखान्याच्या दारापर्यंत नेऊन सोडायचं, बस्स."

आणि मग हेमलता. तिच्यावरून आपण जे भांडलो ते अजून संपलेलं नाही. तुम्ही गेलात म्हणून मी ते सोडून देणार नाही.

कॉलेजच्या पहिल्या वर्षाची मुलगी, आईबरोबर आली. भर एप्रिल, आणि तिला मनगटापर्यंत बाह्या हव्या होत्या. माप घेताना तुम्हाला तिच्या हातावरच्या खुणा दिसल्या, तिने स्वतःच केलेल्या. तुम्ही पडद्याबाहेर आलात आणि चार गिऱ्हाइकांसमोर तिच्या आईला म्हणालात, "मुलीचे हात बघितलेत काय तुम्ही?" दुकानात कात्रीसुद्धा थांबली. त्या मुलीचं तोंड मला आठवतं. ती पळत रस्त्यावर गेली. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडचं कुणी येऊन न शिवलेलं कापड घेऊन गेलं.

मी तेव्हा वीस-एकवीस वर्षांची. तुमच्यासमोर पहिल्यांदा आवाज चढवला.

"चारचौघांत तिची लाज काढलीत तुम्ही."

"आईला सांगू नको तर कोणाला सांगू?"

"आधी तिला विचारायचं! माझं दादाला सांगितलंत तेव्हा मला विचारलं होतं?"

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस काय?"

"नसते म्हणाले."

"मग?"

"मग थांबायचं होतं."

"थांबून ती हातची गेली असती तर?" तुमचाही आवाज फाटला होता. "माझ्यावर रागवायला तरी ती हवी ना गे!"

चार दिवस आपण बोललो नाही. तुम्ही मला डबा द्यायच्या, मी तो रिकामा धुऊन ठेवायचे, इतकंच. पाचव्या दिवशी मी आले तर पडद्यासाठी नवं जाड कापड लावलेलं, दुहेरी. आणि आत एकाऐवजी दोन स्टुलं. त्या दिवसापासून काउंटरवर तुम्ही कुठल्याच पोरीबद्दल एक शब्द काढला नाहीत. आधी पोरीशी, आत बसून. मग ती हो म्हणाली की आई आत, पोर तिथेच. आणि जिवावरची गोष्ट असेल तर हो-नाहीची वाट बघायची नाही, पण पोरीला आधी सांगायचं की आता मी आईला सांगणार आहे, पाठीमागून नाही. हा नियम आपल्या भांडणातून निघाला असं मला वाटायचं. तुम्ही मात्र शेवटपर्यंत कबूल केलं नाहीत.

दवाखान्यात, तुम्ही जायच्या चार दिवस आधी, मीच विषय काढला. तुमच्या नाकात नळी. तरी म्हणालात, "मी बरोबर होते."

"सांगितलंत ते बरोबर. सांगितलंत तिथे चुकलं."

"अय्यो, अजून तेच!" नर्स ओरडली, बोलू नका म्हणून. तुम्ही डोळे मिटून हात हलवलात, उद्या ये, म्हणून. उद्या तुम्ही झोपेत होतात.

तेराव्याला खूप बायका आल्या होत्या. त्यांतली एक मला म्हणाली, ओळखलं नाहीस. हेमलता होती, अक्का. आता शाळेत शिकवते, दोन मुलं आहेत. वर्तमानपत्रात तुमचा फोटो बघून आली. मी तिला आपलं सगळं भांडण सांगून टाकलं, राहवेना. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चूकच केली त्यांनी. मला अजून थोडा राग आहे." मग तुमच्या फोटोकडे बघून म्हणाली, "पण त्या दिवसापासून आई माझ्याजवळ झोपायला लागली. महिन्याने आम्ही डॉक्टरकडे गेलो. कुणी सांगितलंच नसतं तर कोण जाणे." दुकान उघडल्यावर एकदा येऊन दोन्ही स्टुलं बघून गेली.

म्हणजे कोण जिंकलं, अक्का? मला वाटतं कुणीच नाही. मला जे म्हणायचं राहिलं ते एवढंच, की तुम्ही चुकलात तरी गप्प नाही बसलात. मी बरोबर बोलत होते, पण त्या दिवशी खुणा मलाही दिसल्या होत्या. तुम्ही आत यायच्या आधीच, टेप मी धरला होता तेव्हा. आणि मी गप्प बसले होते. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. वीस वर्षं झाली.

म्हणूनच हा आठवडा मला इतका जड गेला.

सोमवारी चैत्रा आली. चौदा वर्षांची, या वर्षी नववीत. बरोबर आई. हे सगळं बोलणं कन्नडात झालं, मी आपल्या भाषेत लिहितेय. तुमच्या वहीत तिचं गेल्या वर्षीचं माप तुमच्या अक्षरात आहे. या वर्षी उंची दीड इंच वाढलेली, कंबर दोन इंच कमी. आई म्हणाली, "उंच झाली ना, म्हणून बारीक दिसते." पोर टेपचं टोक बोटाला गुंडाळत होती. गेल्या वर्षी ती सबंध वेळ स्कर्टला खिसा पाहिजे म्हणून तुमच्याशी वाद घालत होती, मला चांगलं आठवतं. मी विचारलं, खिसा ठेवू ना? ती म्हणाली, "कसाही चालेल."

मला कळलं, अक्का. आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली. तीच ती, शाळेतली. तुम्ही मशीनवर असतात तर मी नुसतं तुमच्याकडे बघितलं असतं. मशीनवर कुणी नव्हतं. मी वहीत आकडे लिहिले, पावती फाडली आणि म्हणाले, बुधवारी ट्रायल. त्या गेल्या. मी परत गप्प बसले.

दोन दिवस मी स्वतःला किती बोल लावले ते सांगत नाही. नवऱ्याला सांगितलं, तो म्हणाला, "बुधवार आहे की अजून." साधा माणूस आहे, पण बोलला ते खरं. ट्रायल आहे म्हणजे दार उघडं आहे. तुमची ती ट्रायलची पद्धत नसती तर मी काय केलं असतं?

बुधवारी ती एकटीच आली, जास्तीच्या क्लासवरून, सायकल लावून. आई मागून येणार होती. मी पडदा ओढला, तिला स्टुलावर बसवलं, दुसऱ्यावर मी. छातीत इतकं धडधडत होतं की टेप लावला असता तर तुटला असता. गादीवरच्या अकरा सुया मी आठवडाभरात वापरून संपवल्या होत्या. मी रिकाम्या सुयांची डबी तिच्या मांडीवर ठेवली.

"माझे डोळे चालत नाहीत गं. एवढ्या ओवून देशील?"

ती ओवायला लागली. एक. दोन. मी स्कर्टच्या कडेला हेम घालत बसले. चार. पाच. बाहेर रिक्षावाला कुणाशी तरी भांडत होता. सहाव्या सुईला ती दोरा तोंडात ओला करत थांबली आणि म्हणाली, "आंटी, सकाळी उठवतच नाही मला."

मी वर बघितलं नाही. "किती दिवसांपासून?"

"संक्रांतीपासून असेल. आळशी झालीस म्हणतात घरी. मी आळशी नाही. नुसतं... काहीच वाटत नाही. जेवण मातीसारखं लागतं."

मी तिला माझं सांगितलं. फाटक, गंडा, थरथरणारा टेप. माझी शाळा नववीत कशी सुटली ते. ती ऐकत होती आणि ओवत होती. मग मला तो प्रश्न विचारायचा होता. तुम्ही एकदा डॉक्टरबाईंना विचारलं होतंत, असं विचारलं तर पोरीच्या डोक्यात नसलेलं घातल्यासारखं नाही होणार? त्या म्हणाल्या होत्या, नाही, उलट तिला हलकं वाटेल, स्पष्ट विचारा. अक्का, स्पष्ट विचारणं किती अवघड आहे! मी दोनदा सुई बोटात टोचून घेतली.

"चैत्रा, जगू नये असं वाटतं का तुला कधी?"

ती दोऱ्याला गाठ मारत म्हणाली, "काही करावं असं नाही. पण कधी कधी वाटतं, नसते तर बरं झालं असतं."

"सांगितलंस ते फार चांगलं केलंस. हे आता आईला सांगायचं. मी सांगणार आहे, पण तू इथेच बस, तुझ्यासमोर सांगेन."

"आई रडेल."

"रडू दे की. तिलाही सुया देऊ."

ती हसली, अक्का. पूर्ण नाही, अर्धंच. पण गेल्या वर्षीचं खिशासाठी भांडणारं तोंड मला क्षणभर दिसलं.

आई आली. तिला मी आत बोलावलं, माझं स्टूल दिलं आणि मी खाली बसले. आधी ती चिडली, म्हणाली, माझ्या मुलीला काही झालेलं नाही. मग चैत्रा म्हणाली, "अम्मा, झालंय." एवढंच. ती बाई मग रडली, आणि मुलीचा हात धरून विचारत राहिली, मला का नाही सांगितलंस. मी तिला तुमचं मशीनचं सांगितलं, दादाला सांगितलं होतंत ते. लवकर नेलं की लवकर बरं होतं, हे सांगितलं. शुक्रवारी दवाखान्यात जायचं ठरलं. तोवर तिला एकटं ठेवायचं नाही, हेही ठरलं. आई म्हणाली, "तुम्ही येता का बरोबर? मला तिथे काय बोलावं कळणार नाही." मी हो म्हणून गेले. मग घाबरले. मग परत हो म्हणाले.

शुक्रवार उद्या आहे. बसने जायचंय. मी मेटगळ्ळीहून निघेन, त्या दोघी मधल्या स्टॉपवर चढतील. चैत्रा म्हणाली, "मी खिडकीपाशी बसणार." मी म्हटलं, बस. खिशाचं विचारलं तर म्हणाली, दोन्ही बाजूंना ठेवा.

तिचा स्कर्ट आता माझ्यासमोर आहे. कंबरेला आत दोन इंच माया ठेवलीय, ती परत भरेल तेव्हा उसवायला. गादीवर चौदा सुया आहेत, निळ्या, पांढऱ्या, एक हिरवी. तुम्ही डोळे गेले म्हणून पोरींशी खोटं बोलायच्या. मला मात्र खोटं बोलावं लागलं नाही, अक्का. चाळिशी उलटली, मला खरंच दिसत नाही. तिने ओवून दिल्या नसत्या, तर आज माझं काम अडलं असतं.